याले तुझा हात मानवत नाई

नोकरीतल्या माझ्या सगळ्या साड्या डाव्या खांद्यावरच विरल्या. पदर तिथंच येतो आणि लेकरूही तिथंच टाकावं लागतं. फाटलेल्या दुधाचा आंबट वास कितीही धुवा, जात नाही. संध्याकाळी मी घरी आले की आमचे हे खुर्ची जरा लांब सरकवून बसायचे आणि "आज किती जणांनी आशीर्वाद दिला?" म्हणून विचारायचे. मला त्या वासाची लाज कधी वाटली नाही. उलट थोडा माजच होता, आणि आज त्या माजाबद्दलच लिहायचं आहे.

मी एएनएम होते, म्हणजे उपकेंद्राची नर्स. गोंदिया तालुक्यात तीसेक वर्षं काढली, मागच्या वर्षी निवृत्त झाले. शहरातल्या लोकांना वाटतं की नर्स म्हणजे डॉक्टरच्या मागे ट्रे घेऊन उभी राहणारी बाई. आमच्या मागे-पुढे डॉक्टर नसतोच. पाच-सहा गावं, एक लसीचा डबा, एक वजनकाटा आणि एक आपण. गरोदर बाया तपासायच्या, लेकरांना लस टोचायची, बाळंतिणीच्या घरी जाऊन आई आणि बाळ दोघांना पाहायचं. एक म्हातारेबुवा दर आठवड्याला यायचे आणि काही झालेलं नसताना सुई टोचून मागायचे. नाही म्हटलं की रुसायचे, "तुमचा हात हलका आहे जी, टोचल्यावर बरं वाटते" म्हणायचे. असं कोणी म्हटलं की दिवसभर माझे पाय जमिनीला लागत नसत.

हे वाक्य मुद्दाम सांगितलं. आमच्याकडे हात मानवतो किंवा मानवत नाही. पाणी मानवत नाही, दवा मानवत नाही, तसाच हात. अमक्या डॉक्टरचा हात मानवला, तमक्या मालिशवालीचा मानवला नाही. यात कोणाचा दोष काढायचा नसतो, पण एकदा मानवत नाही असं ठरलं की पुढे कोणी वाद घालत नाही. तो माणूस बदलायचा, बस.

आता कडेवर, मांडीवर न राहणाऱ्या लेकराबद्दल सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. लेकरू रडलं की आईनं उचलावं आणि त्यानं गप्प व्हावं, असं आपण धरून चालतो. काही लेकरं उचललं की जास्त रडतात. पाठ मागे ताणतात, मान फेकतात, दोन्ही हातांनी आईला लोटतात. कारण साधं आहे. पोटाच्या तोंडाशी एक झडप असते, ती तान्ह्या लेकरात कच्ची असते. प्यालेलं दूध पोटातल्या आंबटासकट वर येतं आणि गळ्यापर्यंत जळतं. पुस्तकात याला रिफ्लक्स म्हणतात, आमच्या गावांत "दूध फेकून राहिला" म्हणतात. बहुतेकांना त्रास नसतो, थोडं सांडलं की झालं. काहींना मात्र फार जळतं. त्यात आईनं मांडीवर आडवं घेतलं, पाय पोटाशी दुमडले, छातीशी आवळलं, की पोट दाबलं जातं आणि आणखी वर येतं. मग लेकराला कळतं ते एवढंच की मांडी म्हणजे जळणं. ते आईला लोटत नसतं, त्या दुखण्याला लोटत असतं.

उपाय अवघड नाही. पाजल्यावर अर्धा तास उभं धरायचं, डोकं खांद्यावर, पाय मोकळे, पोटावर दाब नाही. हलवायचं नाही, थोपटाथोपटी नाही, नुसतं उभं राहायचं. थोडं थोडं, जास्त वेळा पाजायचं. आणि तरीही हातात राहायला तयार नसेल तर जबरदस्ती करायची नाही. सपाट जागी पाठीवर निजवायचं, जवळ बसायचं, छातीवर हलका तळवा ठेवायचा आणि हळू आवाजात बोलत राहायचं. लेकराला आईचा आवाज हवा असतो, पिळवटणं नको असतं. वजन वाढत नसेल किंवा उलटीत हिरवं, रक्त दिसलं तर मात्र थेट डॉक्टर. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. मी आत्ता लिहिलं, तुम्ही वाचलं, तितकीच.

सहा वर्षं झाली असतील. कामठ्याच्या पुढचं एक गाव, नाव लिहीत नाही. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. अंगणवाडीत लसीकरण आटोपलं होतं. गावची आशा कार्यकर्ती लता मला म्हणाली की एका घरी दोन महिन्यांचा बाबू आहे, सकाळी लस दिली तोच, आईजवळ राहतच नाही, जरा पाहून घ्या. गेलो. पोवारांचं बऱ्यापैकी जमीन असलेलं घर. जेवणाच्या वेळेला बाया भाताच्या बांधीतून घरी आल्या होत्या, पाय अजून चिखलाचे. सासू देवकाबाई, मोठी सून सुनीता आणि बाळंतीण धाकटी सून पूर्णा. पूर्णा बावीस-तेवीस वर्षांची, सौंदडकडची. तिचा नवरा गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला, शनिवारी यायचा.

छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, पूर्णा बाबूला मांडीवर घेऊन बसली होती आणि तो नुसता कमान करून किंचाळत होता. सगळ्या घराचे डोळे तिच्यावर. लोक बघतात म्हणून ती त्याला आणखी आवळत होती, जोरजोरात हलवत होती, आणि ती आवळेल तेवढा तो ताणत होता. तिच्या गळ्यावर त्याच्या नखांचे ओरखडे होते. देवकाबाई सांगायला लागल्या की बिरसीच्या विमानतळावरचे शिकाऊ लोक दिवसभर डोक्यावर विमानं फिरवतात, त्या आवाजानं पोरगं भेलं आहे. नजर उतरवून झाली होती, गंडा बांधून झाला होता. मग हळूच म्हणाल्या, "मायच्याच हातात असं करते जी. असं कुठं असते?"

मी बाबूला घेतलं. डाव्या खांद्यावर उभं टाकलं, पाय सोडले, पाठीवर तळवा ठेवला आणि खांबासारखी उभी राहिले. दोन-तीन मिनिटं गेली. एक मोठा ढेकर आला, खांद्यावर आंबट दुधाची चूळ पडली, आणि पोरगं गप्प. मान टाकून पडून राहिलं.  सुनीता तोंडाला पदर लावून बघतच राहिली. देवकाबाईंनी हात जोडले, "काय हात आहे बाई तुमचा!"

आणि मी फुगले. खोटं कशाला सांगू? मी पूर्णाकडे वळून हसत हसत म्हटलं, "काय वं पूर्णा, याले तुझा हात मानवत नाई वाटते."

गंमत होती. सगळ्या हसल्या, पूर्णाही हसली. मी तिथं चांगली दहा-पंधरा मिनिटं बसले. मी घाईत होते असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला समजावलं, पण घाई नव्हती. लसीचा डबा रिकामा झाला होता, दिवस मोकळा होता. बाबू माझ्या खांद्यावर निजला होता आणि तीन बाया माझ्या हाताचं कौतुक करत होत्या. झडपेचं, जळण्याचं, उभं धरायचं, यातलं एक अक्षरही मी बोलले नाही. पोरगं सुनीताच्या हातात दिलं आणि निघाले.

पुढच्या महिन्यात लसीला बाबूला घेऊन सुनीता आली. त्याची आई कुठं म्हणून विचारलं तर म्हणाली, "घरी आहे जी. तिच्याजवळ नाई राहत ना तो." बाबू तिच्या डाव्या खांद्यावर होता. पाय मोकळे, पाठीवर तळवा, अगदी माझ्यासारखा. मी काही न शिकवता ती बघून शिकली होती. सुया टोचताना रडला आणि तिच्या खांद्यावर गप्प झाला. मला आधी बरंच वाटलं. ती गेल्यावर लतानं खरं काय ते सांगितलं.

त्या दिवसानंतर घरात ठरलं होतं की आईचा हात लेकराला मानवत नाही, नर्सबाईंनी स्वतः सांगितलं. मग बाबूला फक्त पाजण्यापुरता पूर्णाकडे द्यायचे. ती आडवी होऊन पाजायची. तो जळायला लागला, कमान करायला लागला की सुनीता येऊन उचलून न्यायची, उभा धरायची, तो गप्प व्हायचा. म्हणजे जळणं सगळं आईजवळ आणि आराम सगळा मोठीजवळ. लेकरानं काय समजायचं? पंधरा दिवसांत तो पूर्णाला बघूनच रडायला लागला. मग देवकाबाई म्हणाल्या की दूधही मानवत नसेल. बाटली आली, गाईचं पाणी घातलेलं दूध आलं. पूर्णाचं अंगावरचं आटलं.

 रजिस्टर तसंच अंगणवाडीत टाकून मी त्या घरी गेले. सुनीता पोचून थोडाच वेळ झाला होता. सगळ्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं, झडप, आंबट, उभं धरणं, सगळं. मी गंमत केली होती, तिचा हात चांगला आहे, कोणाचाही हात असता तरी त्यानं असंच केलं असतं, हे चार वेळा सांगितलं. देवकाबाई मान हलवत ऐकत होत्या. मला वाटलं, शब्दानं पटत नसेल तर करून दाखवावं. पूर्णाला आतून बोलावलं, बाबूला तिच्या खांद्यावर दिलं, हात कसा ठेवायचा ते दाखवलं.

नर्सचा पहिला प्रश्न काय असतो? पाजून किती वेळ झाला. तीस वर्षं मी तो प्रश्न विचारला आणि त्या दिवशी विचारला नाही. घरी येताच सुनीतानं त्याला अख्खी बाटली पाजली होती. लस टोचलेली मांडी दुखत होती ती वेगळीच. आणि पूर्णाचे हात भीतीनं असे ताठ झाले होते की तिनं त्याला फळीसारखं धरलं. तो तिच्या खांद्यावर गेला आणि दुसऱ्या क्षणाला सगळं दूध बाहेर आलं, नाकातूनसुद्धा. कमान, किंचाळ्या, श्वास कोंडून निळा. पूर्णानं त्याला खाटेवर ठेवलं आणि चुलीपाशी निघून गेली. सुनीतानं त्याला उचलून खांद्यावर टाकलं. तो गप्प झाला.

देवकाबाई शांतपणे म्हणाल्या, "पाहा. तुमच्याच तोंडचा शब्द आहे जी हा. आमी नाई काढला."

त्यांचा राग करण्यासारखं काही नव्हतं. सुनीताचाही नाही. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पोटी काही नव्हतं. गोंदिया झालं, नागपूर झालं, देव झाले. आणि हे लेकरू सगळ्या जगाला लोटून तिच्या खांद्यावर मान टाकत होतं. त्या वेळी तिच्या तोंडावर जे होतं ते मला बघवेना, कारण तेच काढून घ्यायला मी आले होते.

मी हरले असं म्हणायचं नव्हतं म्हणून त्यांना गोंदियाला लेकरांच्या डॉक्टरकडे पाठवलं. स्वतः बरोबर गेले. डॉक्टर भला माणूस, त्यानं तपासलं, बाटली बंद करायला सांगितली, आईचं दूध पुन्हा येतं का बघा म्हणाला आणि शेवटी "साल भर में ठीक हो जाएगा, टेन्शन मत लो" असं म्हणून मोकळा झाला. घरच्यांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. पूर्णाचं दूध आलं नाही. बाळाला छातीशी लावायलाच ती घाबरायची, मग दूध कुठून येणार? बाटलीच्या जागी वाटी-चमचा आला, एवढंच मी करू शकले. मधे दोनदा जुलाब झाले, एकदा सलाईन लागलं. हाडं मोजावीत असं ते पोरगं झालं होतं. त्या दिवसांत मी सकाळी उठले की आधी लताला फोन लावायची, बाबू आहे ना म्हणून. ती चिडायची, "काऊन असं विचारता जी?"

तो जगला. दहाव्या-अकराव्या महिन्यात बसायला लागला, वरचं खायला लागला, झडप आपोआप पक्की झाली आणि दूध फेकणं थांबलं. हे व्हायचंच होतं. पण ते झालं सुनीताच्या खांद्यावर, तेव्हा घराच्या हिशेबी हात कोणाचा मानवला हे आता पक्कंच झालं. पूर्णाच्या नवऱ्यालाही मी एकदा रस्त्यात गाठलं. तो खाली मान घालून म्हणाला, भाभीजवळ बरा आहे, पोरगं तर घरातच आहे ना, कुठं गेलं?

पूर्णा मला दिसायची. रोवणीत, कापणीत, कांडपाला जाताना. घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त राबायची. एकदा अंगणवाडीत कोणाचं तरी रांगतं पोर तिच्या पायाशी येऊन हात वर करून उभं राहिलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मागे सरकली. हे मी पाहिलं. दर वेळी मला वाटायचं, आता हिला बाजूला घेऊन बोलावं. आणि दर वेळी मी रक्तदाब मोजून, गोळ्या देऊन निघून यायची. दुसऱ्याच्या घरचं आपण किती उकरायचं, असं म्हणायची. खरं म्हणजे तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. चार वर्षं अशी गेली.

मग पूर्णाला मुलगी झाली. दवाखान्यात, सगळं नीट. सातव्या दिवशी मी घरी पाहायला गेले. लता दारातच भेटली आणि हळूच म्हणाली, सिस्टर, तिनं पोरीला अजून उचललंच नाही. निजून पाजते आणि बाजूला होते. रडली की हाक मारते.

"कोणाले?"

"भाभीले."

खोलीत पोरगी बाजेवर पडून रडत होती. मोठं रडणं नव्हतं, किरकिर होती. पूर्णा शेजारी बसली होती, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून. तिनं मला पाहिलं आणि आधी तीच बोलली, "भाभी गाईले पाणी पाजाले गेली. येईलच आता."

मी दार लोटलं, खाली बसले. या वेळी आधी विचारलं, पाजून किती वेळ झाला. झाला होता तास. पोरीला पाहिलं. चांगली भरलेली, दूध फेकत नव्हती, काही दुखणं नव्हतं. नुसती आईला मागत होती. मी तिला हात लावला नाही. पूर्णाला म्हटलं की त्या बाबूचं पोट जळत होतं, कोणत्याही हातात जळलं असतं. तुझा हात कधीच वाईट नव्हता. मी त्या दिवशी जे बोलले ते खोटं होतं.

 ती सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंग हे तवा काऊन नाई सांगतलं जी?"

तीस वर्षांत मला हजार प्रश्न विचारले गेले असतील. याचं उत्तर मला चार वर्षं माहीत होतं. शेवटी म्हटलं, "मले माझंच कौतुक गोड लागून राहिलं होतं."

ती रडेल, बोलेल, मला घराबाहेर काढेल, असं वाटलं. काढलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त मांड्यांखालचे हात बाहेर काढले. तळवे दाबून दाबून पांढरे पडले होते. ते तिनं लुगड्याला पुसले आणि पोरीला उचललं. डाव्या खांद्यावर, उभी, पाय मोकळे. या पोरीला तसं धरायची काही गरज नव्हती, कशीही धरली असती तरी राहिली असती.  पोरगी दोनदा नाक घासून गप्प झाली.

तेवढ्यात दार ढकलून बाबू आत आला. चार वर्षांचा, धष्टपुष्ट, गुडघे मातीचे. तो थेट पूर्णाजवळ गेला आणि म्हणाला, "काकी, मले देतेस का धराले?"

पूर्णानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला बाजेवर बसवलं, पोरगी त्याच्या छातीशी उभी टेकवली, त्याचा तळवा धरून तिच्या पाठीवर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. "पोट नको दाबू," ती म्हणाली. "अशी धर." तो श्वास रोखून बसला होता. त्यानं तिचा हात झटकला नाही. मी मोजत नव्हते, पण मिनिटभर तरी ते तिघं तसे बसून होते.

अंगणातून सुनीतानं हाक मारली, "बाबू!"

"आलो, आई," म्हणून तो खाली उतरला आणि बाहेर पळाला.